बिलोलीच्या कापसाचा ताळेबंद

राष्ट्रध्वजाच्या खादीचं कापड उदगीरला विणलं जातं, हे लातूर-नांदेडच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं हे काम. उदगीरच्या केंद्रात कापड तयार होतं, ब्लीचिंग आणि रंगाईसाठी ते अहमदाबादला जातं आणि तिथून नांदेडला आलं की त्याचे ध्वज शिवले जातात. स्वतंत्र भारतात मानकं ठरवायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं मानक, ‘आयएस १’, निघालं ते राष्ट्रध्वजाचं. साल १९५१. ताण्याबाण्याचे धागे किती, वजन किती, रंग उन्हात आणि धुण्यात किती टिकला पाहिजे, सगळं त्यात नेमून दिलेलं आहे. मात्र त्या कापडापायी जमीन, पाणी आणि हवा यांचं काय खर्ची पडलं, हा रकाना त्यात नाही. १९५१ साली असा रकाना कुणाच्या डोक्यातही नव्हता. आज तो हवा आहे, आणि तो भरायचा तर कापडाकडून कापसाकडे उलटं जावं लागतं. म्हणून मी उदगीरहून देगलूरमार्गे बिलोलीची वाट धरली.

कपड्यांच्या कंपन्यांचा पर्यावरणावरचा बोजा मोजण्याची जगभरात सध्या मोठी धामधूम आहे. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना दरवर्षी पाणी, वीज, कचरा आणि हरितगृह वायूंचा हिशेब जाहीर करणं सक्तीचं केलं. त्यात कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरचा धूर येतो, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर येतो. पुरवठादारांकडचा बोजा देणं मात्र ऐच्छिक ठेवलं गेलं. सिमेंटच्या कारखान्याला हे चालून जाईल, कारण त्याची भट्टी त्याच्या आवारात असते. कपड्याच्या ब्रँडच्या आवारात असतात टेबलं, संगणक आणि नमुन्याचे शर्ट. त्याचा खरा पसारा दुसऱ्यांच्या सूतगिरण्यांत, दुसऱ्यांच्या रंगाईखान्यांत आणि शेवटी कुठल्या तरी काळ्या रानात. क्वांटिस या सल्लागार संस्थेच्या २०१८ च्या अहवालात कपड्यांच्या कार्बनचा ३६ टक्के वाटा रंगाई आणि फिनिशिंगचा, २८ टक्के सूत तयार करण्याचा आणि १५ टक्के तंतू पिकवण्या-बनवण्याचा धरलेला आहे. कार्बनमध्ये शेताचा वाटा लहान. पाण्यात मात्र चित्र उलटं होतं. लिव्हाइस कंपनीनं २०१५ साली आपल्या एका जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा ३,७८१ लिटर पाण्यातलं ६८ टक्के एकट्या कापसाच्या शेतात गेलेलं निघालं.

उदगीर सोडलं की बालाघाटाचं पठार हळूहळू उतरतं आणि जमिनीचा रंग गडद होत जातो. पुढे रानात सोयाबीन निघून गेलेलं, तुरी कमरेच्या वर, आणि मधूनमधून कापसाचे पांढरे पट्टे. हा सगळा पट्टा एकेकाळी गावराणी कापसाचा. निजामाच्या राज्यात नांदेड भागातल्या या देशी वाणाला मोठं नाव होतं, आणि त्याच जोरावर नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. मिल बंद पडून आता बरीच वर्षं झाली, गावराणीचं रानही गेलं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण दिला, तो महाराष्ट्रभर आणि बाहेरही गेला. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि बाकी सगळं बाजूला सरलं. आता कापसाचीही जागा सोयाबीन घेत चाललं आहे.

बिलोली तेलंगणाच्या वेशीवरचं तालुक्याचं गाव. बाजारात मराठीइतकीच तेलुगू आणि दख्खनी कानावर पडते. गावात सरफराज खानाची जुनी दगडी मशीद आहे. येसगीला मांजरा ओलांडली की समोर बोधन, निजामाबाद. या पुलावरून कापूस दोन्ही दिशांना जातो. ज्या बाजूला भाव चढा, त्या बाजूला टेम्पो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे हिशेब अडतो तो अशाच सरमिसळीपाशी.

गावापासून थोडं आत, एका सहा एकरांच्या रानात वेचणी चालू होती. बायकांनी कमरेला कापडाच्या ओट्या बांधलेल्या. दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर जातात, तीन बोटांत पाकळ्यांमधला कापूस पकडला जातो आणि एका झटक्यात बाहेर येतो. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. एका मावशींनी बोटं दाखवली. नखाच्या कडेनं चिरा पडलेल्या, त्यात काळी माती भरलेली. मजुरी किलोवर, म्हणून हात थांबत नाहीत. दव असताना वेचला तर वजन भरतं, पण मग तो कापूस बाजारात ओला म्हणून अडतो.

रानमालक मामा बांधावर बसले होते. त्यांना विचारलं, पाणी किती देता?

“वरून पडतंय तेवढंच,” ते म्हणाले. “हीर हाय, पण ती हरभऱ्यालाच पुरंना. पऱ्हाटीला कोण पाणी देतंय?”

भारतात एक किलो कापूस पिकवायला २२,५०० लिटर पाणी लागतं, असा एक आकडा गेली दहा वर्षं जगभर फिरतो आहे. जगाची सरासरी दहा हजार लिटर, म्हणजे आपण दुपटीहून जास्त पाणी उधळतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मामांच्या बांधावर बसून मी तो हिशेब वहीत मांडला. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस झाला की ४,०४७ लिटर पाणी. पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत पीक ६५० मिलिमीटर पाणी घेतं असं धरलं, तर एकरी साधारण २६ लाख लिटर. एकरी ६ क्विंटल कापूस निघाला आणि त्यात ३४ टक्के रुई, म्हणजे २०४ किलो. भागाकार केला की एका किलो रुईमागं जवळपास १३ हजार लिटर येतात. आकडा भला मोठा. पण त्यातला एक थेंबही मोटारीनं उपसलेला नाही.

डच शास्त्रज्ञ आर्येन हूकस्ट्रा यांनी २००२ साली ‘वॉटर फूटप्रिंट’ची कल्पना मांडली. पुढे या पद्धतीत पाण्याचे तीन रंग वेगळे धरले गेले. पावसाचं, मातीतल्या ओलाव्याचं पाणी हिरवं. नदी, विहीर, धरण यांतून उचललेलं निळं. आणि खतं-औषधांनी, रंगांनी बिघडलेलं पाणी पुन्हा वापरण्याजोगं व्हायला जेवढं चांगलं पाणी मिसळावं लागेल, ते करडं. मांडणी चोख आहे. बिघडतं ते तिन्ही एकत्र बेरीज करून बातमीत छापतात तेव्हा. मामांच्या रानात हिरवं पाणी जवळजवळ सगळंच आहे, निळं शून्य आहे. त्यांनी तिथं सोयाबीन पेरलं असतं, किंवा काहीच न पेरता गवत वाढू दिलं असतं, तरी त्या पावसातला मोठा भाग त्या मातीनं आणि झाडोऱ्यानं घेतलाच असता. उलट एखाद्या वर्षी बोंडअळीनं एकरी तीनच क्विंटल हाती लागले, तर भागाकारात किलोमागचं पाणी दुप्पट दिसतं. शेतकरी बुडाला आणि वर पाण्याचा उधळ्याही ठरला. ट्रान्सफॉर्मर्स फाउंडेशन या डेनिम उद्योगातल्या संस्थेनं २०२१ मध्ये कापसाबद्दलच्या अशा फिरत्या आकड्यांचा माग काढणारा अहवाल प्रसिद्ध केला. मूळ संदर्भ गळून पडलेले, जुने आकडे नवे म्हणून वापरलेले, एका देशाचे दुसऱ्याला चिकटवलेले, असं त्यात दाखवून दिलं आहे.

या भागात पाणी मोजण्याची कला माणसांना नवी नाही. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यासाठी दोन राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. २०१३ च्या निकालानं ठरवून दिलं, की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडलं जाईल. निळ्या पाण्याचा हा हिशेब तारीखवार आहे, आणि त्यावर माणसं आंदोलनं करतात. त्या पाण्यावर वाढलेला कापूस आणि मामांचा कापूस एकाच आकड्याखाली लपवणं हा या भूगोलावर सरळ अन्याय आहे.

पण शेताची बाजू घेताना शेताचं सगळंच माफ करून चालणार नाही. मामांनी एकरी दोन गोण्या युरिया टाकलेला. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसी या जागतिक हवामान समितीच्या ढोबळ नियमाप्रमाणे टाकलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साईडच्या रूपानं हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापवणारा. आकडेमोड केली तर एका गोणीमागं सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साईडइतका बोजा. दोन गोण्यांचे १७८ किलो, तो २०४ किलो रुईवर वाटला तर किलोला ८७० ग्रॅम. त्यात युरिया बनवताना कारखान्यात जळलेला गॅस अजून धरलेलाच नाही. पाण्याच्या प्रश्नात निर्दोष सुटलेलं रान इथं हिशेबाला सापडतं. आणि हे कमी करणं मामांच्या हातात आहे. सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं माती तपासून नत्र किती लागेल ते सांगता येतं.

फवारणीचा तर कुठल्याच निर्देशांकात नीट हिशेब नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध मारताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले. पाण्याचे लिटर आणि कार्बनचे किलो मोजणाऱ्या तक्त्यात ती माणसं कुठे बसवणार? मामांच्या बांधावर निळा पंप पडला होता. तोंडाला काय बांधता, विचारलं तर त्यांनी गळ्यातलं उपरणं दाखवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘पीए’ मालिकेतले देशी कापसाचे वाण दिले आहेत. रस शोषणाऱ्या किडींना ते सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे फवारण्या कमी लागतात. पण बियाणं दुकानात सहज मिळत नाही आणि कापूस वेगळा विकत घेणारा भेटत नाही, हे मामांचं म्हणणं रास्त आहे.

वेचलेला कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून जिनिंगकडे निघाला, त्यामागे मीही गेलो. फाटकात ट्रॉल्यांची रांग. प्रतवारी करणारा तरुण एकेका ट्रॉलीवर चढतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस वर काढतो, मुठीत दाबून सोडतो, मग ओलावा मोजायच्या यंत्राचा टोकदार दांडा आत खुपसतो. काटा थरथरतो आणि थांबतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्याटक्क्यानं कपात, १२ च्या वर गेला की माल परत. त्या दिवशी एका शेतकऱ्याचा काटा अकरावर थांबला. तो काही बोलला नाही, फक्त ट्रॉलीवरची ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. कापसातलं पाणी इथं इतक्या बारकाईनं मोजलं जातं. मुंबईतली ‘सिरकॉट’ ही संस्था तर १९२४ पासून धाग्याची लांबी, ताकद, जाडी मोजते आहे. मग शेतातल्या पाण्या-खताची नोंद ठेवणं अशक्य का मानायचं?

उत्तर आत जिनच्या ओट्यावर दिसलं. ट्रॉली रिकामी झाली आणि मामांचा कापूस आधीच्या ढिगात मिसळला. त्या ढिगात बिलोलीचा, नायगावचा, कुंडलवाडीचा आणि पुलापलीकडचाही कापूस होता. विहिरीवर वाढलेला आणि पावसावर वाढलेला, दोन गोण्यांचा आणि पाच गोण्यांचा. नळीतून तो वर ओढला गेला, रेच्यांनी रुई आणि सरकी वेगळी केली, प्रेसमधून १७० किलोची गठाण निघाली. गठाणीवर जिनचं नाव, क्रमांक, वजन. आतला कापूस कुणाचा, हे आता देवालाही सांगता येणार नाही. माग इथं तुटतो. यापुढचा प्रत्येक माणूस, कोइमतूरची सूतगिरणी असो की गुजरातची, शेताबद्दल लिहिताना सरासरी वापरतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं.

तुटलेला माग कागदानं जोडायचा प्रयत्न झाला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या ‘गॉट्स’ या जागतिक संस्थेनं २०२० साली जाहीर केलं, की भारतातला सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव दिलं. पुढे त्यात गठाणीला क्यूआर कोड लावून माग काढण्याची सोय आली. दिशा योग्य आहे. पण कोड गठाणीपासून पुढचं सांगतो, आणि ढीग गठाणीच्या मागे आहे.

याच ओट्यावर आणखी एक पेच आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. शेताचा बोजा दोघांत कसा वाटायचा? वजनावर वाटला तर रुईच्या वाट्याला ३५ टक्के येतो. भावावर वाटायचा आणि रुई किलोला १५० रुपये, सरकी ३५ रुपये धरली, तर रुईच्या वाट्याला ७० टक्के. शेत तेच, पाऊस तोच, शर्टाच्या लेबलावरचा आकडा मात्र दुप्पट. जीवनचक्राच्या हिशेबाची आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आणि वाटणी कशी केली ते उघड सांगावं असं ती म्हणतात. पण दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत फक्त शेवटचा आकडा पोचतो.

वस्त्रोद्योगातल्या मोठ्या कंपन्यांनी २०११ च्या सुमारास एकत्र येऊन हिग इंडेक्स नावाची मोजपट्टी बनवायला घेतली. कच्च्या मालाला गुण देणाऱ्या तिच्या भागात पॉलिस्टरला कापसापेक्षा, रेशमापेक्षा बरे गुण मिळत. कारण हिशेब कारखान्याच्या दारापाशी थांबत होता. धुताना सुटणारे प्लास्टिकचे बारीक तंतू आणि कपडा टाकून दिल्यावरची शेकडो वर्षं त्यात नव्हती. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणानं या सरासरी आकड्यांवर केलेली जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि त्या लेबलांचा वापर थांबला. आपल्याकडे ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. त्या मोजपट्टीवर हातानं कातलेल्या, हातमागावर विणलेल्या उदगीरच्या कापडाच्या कापसालाही पॉलिस्टरहून कमी गुण पडले असते. मोजपट्टी चुकीच्या जागी धरली की ती असा निकाल देते.

मोजून फरक पडतो, हेही खरं. तिरुपूरच्या रंगाईखान्यांनी नोय्यल नदीचं वाटोळं केलं, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये ते बंद करायला लावले, आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. कारखाना, नळ आणि नदी एका जागी होती, म्हणून बोट ठेवता आलं. इचलकरंजीकरांना पंचगंगेचं दुखणं त्याच कारणानं नेमकं सांगता येतं. कापसाच्या शेतावर बोट ठेवता येत नाही, कारण शेताचं नाव ढिगात हरवतं.

जिनचे मालक पन्नाशीतले, शांतपणे ऐकून घेणारे. त्यांना म्हटलं, एका गावाचा कापूस वेगळा ठेवून वेगळा दाबता येईल का? त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पावतीच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. व्यापार शंभर गठाणींच्या लॉटचा. शंभर गठाणी म्हणजे १७ हजार किलो रुई. त्याला ३४ टक्क्यांच्या हिशेबानं ५०० क्विंटल कापूस. एकरी सहा क्विंटल धरले तर ८३ एकर. मामांच्या गावात तेवढं रान पंधरा-वीस घरांत मिळून निघतं. त्यांच्या युरियाच्या गोण्या, फवारण्या, विहिरीचं पाणी दिलं की नाही, एवढं एका वहीत बसतं. पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंदलेलाच असतो. जिनचं वीजमीटर सुरुवातीला आणि शेवटी वाचलं की गठाणीमागची युनिटं निघतात.

“दिवसभराचं काम आहे,” ते म्हणाले. “ओट्याचा तो कोपरा मोकळा करून देतो. गठाणीवर गावाचं नाव टाकायलाही हरकत नाही. फक्त ते वाचणारं गिऱ्हाईक आणा, आणि शेतकऱ्याला वर काही देणार असेल तर ते आधी ठरवून या.”